मॅड्रिड सिस्टीमचा रिव्ह्यू: बडोद्यातून परदेशात माल पाठवणाऱ्यांनी ब्रँड कसा वाचवावा

परदेशात थोडाफार माल पाठवणारे किंवा पाठवायच्या विचारात असलेले जे कोणी छोटे धंदेवाले असतील त्यांच्यासाठी हे लिहितेय. मॅड्रिड सिस्टीम ही ट्रेडमार्क बाहेरच्या देशांत नोंदवायची सेवा आहे, चालवते वायपो म्हणजे जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना, आणि भारत २०१३ च्या जुलैपासून त्यात आहे. आम्ही ती वापरली, अजून वापरतोय. ५ पैकी ४ स्टार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पण आधीच सांगते की माझ्या मते मसाले, लोणची, फरसाण, आयुर्वेदिक तेलं, साड्या, असलं काहीही आपल्या नावानं बाहेर विकणाऱ्या माणसानं पहिलं कंटेनर जायच्या आधी हे बघितलंच पाहिजे.

आमचं काय तर मसाले, भाजणी, मेतकूट आणि लोणची. दुकान दांडिया बाजारात, दळण आणि पॅकिंग मकरपुरा जीआयडीसीत. बडोद्यात दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी न्यू जर्सीला नाहीतर लेस्टरला असतंच, त्यामुळे आमचा गोडा मसाला लोकांच्या बॅगांतून आमच्या कितीतरी आधी जग फिरून आला, मग तिथल्या ग्रोसरीवाल्यांचे फोन यायला लागले, मग दुबईचा एक वितरक आला आणि तिथून हा सगळा विषय सुरू झाला.

त्या वितरकानं पाठवलेल्या ॲग्रीमेंटच्या ड्राफ्टमध्ये एक कलम होतं, अगदी साधं दिसणारं, की स्थानिक कायदेशीर कामं सोपी व्हावीत म्हणून ब्रँडची तिथली नोंदणी वितरक 'आपल्या नावे' करील. अण्णांना (माझे सासरे) ते वाचून बरंच वाटलं, म्हणाले अगं चांगलंय की, खर्च तोच करतोय. पण याचा अर्थ असा होतो की उद्या त्याच्याशी पटलं नाही आणि दुसऱ्याला माल द्यायचा म्हटला तर आपल्याच नावाचा माल आपल्यालाच तिथं विकता येणार नाही, कारण कागदावर मालक तो. अर्ज जो आधी टाकेल त्याचा हक्क आधी, असंच बऱ्याच देशांत चालतं, चीन तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. ते कलम आम्ही काढायला लावलं आणि त्या जागी लिहून घेतलं की ब्रँड, लोगो, लेबल सगळं आमचं, वितरकाला फक्त करार असेपर्यंत वापरायची परवानगी. कोणाशीही बोलणी चालू असतील तर हे कलम आधी शोधा. भाव, कमिशन, क्रेडिटचे दिवस हे सगळं नंतर.

अजून एक गैरसमज जवळपास सगळ्यांचा असतो की आपला ट्रेडमार्क भारतात रजिस्टर आहे म्हणजे झालं. नाही होत. ट्रेडमार्क हा ज्या देशात नोंदवला त्या देशापुरताच. नाव कितीही मोठं असलं तरी. टोयोटाची प्रियस गाडी १९९७ ला जपानमध्ये आली, जगभर गाजली, पण भारतात एका ऑटो पार्टवाल्यांनी प्रियस नाव २००२ मध्ये आधीच नोंदवून घेतलेलं होतं, टोयोटाची गाडी इथं बरीच नंतर आली. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि डिसेंबर २०१७ मध्ये कोर्टानं सांगितलं की बाहेर नाव असून भागत नाही, त्या वेळी भारतातल्या गिऱ्हाइकांत तुमचं नाव होतं हे सिद्ध करा, आणि टोयोटाला ते करता आलं नाही. टोयोटाची ही गत तर दांडिया बाजारच्या मसालेवाल्यानं दुबईच्या कोर्टात काय दाखवायचं?

आता सेवेबद्दल. मॅड्रिडमध्ये होतं काय तर वेगवेगळ्या देशांत वेगळे वकील धरून वेगळे अर्ज करण्याऐवजी तुम्ही एकच अर्ज करता, इंग्रजीत, आपल्याच ट्रेडमार्क रजिस्ट्रीमार्फत, आणि त्यात जे देश हवेत त्यांच्यावर टिक करता. सदस्य ११० च्या वर आहेत. अमेरिका आहे, ब्रिटन आहे, ऑस्ट्रेलिया आहे, यूएई डिसेंबर २०२१ पासून आहे. युरोपियन युनियन एका टिकमध्ये येतं, सगळे २७ देश, पण ब्रिटन त्यात धरू नका, १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन वेगळं निवडावं लागतं. हे मुद्दाम सांगतेय कारण आपला बराचसा माल लंडन-लेस्टरलाच जातो आणि लोक युरोप घेतलं म्हणून निश्चिंत बसतात.

पण मॅड्रिडचा अर्ज हवेत करता येत नाही, त्याला इथला पाया लागतो, म्हणजे भारतात त्याच नावाचा अर्ज किंवा रजिस्ट्रेशन तुमच्याकडे असलं पाहिजे. आमचे ट्रेडमार्क एजंट गुजराती आहेत, वयस्कर, कमी बोलणारे, ते पहिल्या भेटीतच म्हणाले, "बेन, पहेलां अहींनुं पाकुं करो." (आधी इथलं पक्कं करा.) यामागचं कारण नीट समजून घ्या कारण सगळ्या सिस्टीममधला सगळ्यात मोठा धोका इथंच आहे. आंतरराष्ट्रीय नोंदणी झाल्यापासून पहिली ५ वर्षं ती तुमच्या भारतातल्या मार्कवर टेकलेली असते. या काळात इथला अर्ज फेटाळला गेला किंवा कोणी विरोध करून रजिस्ट्रेशन रद्द करून घेतलं तर बाहेरच्या सगळ्या देशांतलं संरक्षण एकदम कोसळतं. नंतर ३ महिन्यांच्या आत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून मूळ तारीख राखता येते, पण तो खर्च परत वेगळा, देशागणिक. म्हणून अर्ज नुसता दाखल झालाय या भरवशावर मॅड्रिडला जाण्यापेक्षा इथलं रजिस्ट्रेशन हातात येईपर्यंत थांबलेलं बरं, निदान रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून विरोधाचे ४ महिने तरी शांतपणे जाऊ द्यावेत असं माझं मत. आपल्याकडे आडनावावर चालणारे ब्रँड किती, आणि भाऊ भाऊ वेगळे झाले की एकाच आडनावाच्या दोन पाट्या, तिथं तर हे आधी मिटवलंच पाहिजे. घाई असेल तर अर्थात वेगळं, कारण इथल्या अर्जापासून ६ महिन्यांच्या आत बाहेर अर्ज केलात तर इथलीच तारीख तिथं लागू होते, तो फायदा सोडून द्यायचा की नाही हे आपापल्या परिस्थितीवर आहे.

इथल्या अर्जाची ऑनलाइन फी दर वर्गाला (म्हणजे मालाच्या प्रकारांचे जे ठरलेले गट असतात त्यातल्या प्रत्येकाला) ४,५०० रुपये, जर तुम्ही एकटे मालक असाल किंवा उद्यम सर्टिफिकेटवाले छोटे उद्योग असाल तर, नाहीतर ९,०००. गुजरातचं काम अहमदाबादच्या रजिस्ट्रीकडे. वर्गांची मजा अशी की मसाले, चटण्या, पापड हे ३० व्या वर्गात आणि लोणचं २९ व्या वर्गात. एकाच ताटात वाढायच्या गोष्टी, पण नुसता ३० घेऊन बसलात तर लोणच्याच्या बरणीवर तुमचं नाव उघडं पडतं.

लेबलबद्दल एक पैसे वाचवणारी गोष्ट. मॅड्रिडची मूळ फी काळ्या-पांढऱ्या मार्कला ६५३ स्विस फ्रँक आहे आणि रंगीत असेल तर ९०३. बाहेर पाठवायचा मार्क इथल्या मार्कसारखाच असावा लागतो, म्हणजे इथं रंगीत लेबल नोंदवलंत की तिथंही रंगीतच आणि २५० फ्रँक जास्त. आमचं पाकीट शेंदरी, त्यावर पिवळी किनार, मधोमध देवनागरीत नाव आणि खाली तेच रोमनमध्ये बारीक. आईंना (सासूबाई) ते शेंदरी लेबलच नोंदवायचं होतं, त्यांनीच ते पहिल्यांदा छापून घेतलेलं. एजंटनी समजावलं की आधी नुसतं नाव काळ्या-पांढऱ्यात घ्या, त्यानं रंग बदलले, पाकीट बदललं तरी नाव सुरक्षित राहतं, लेबल वेगळं नोंदवा. देवनागरीतल्या नावाबरोबर त्याचा रोमन उच्चार द्यावा लागतो. यूएईत पाकिटावर अरबी स्टिकर लागतं आणि दुकानदार नाव अरबीतूनच वाचतो, म्हणून आम्ही अरबी अक्षरांतलं नावही वेगळा मार्क म्हणून करायला घेतलंय. ते कोणी सुचवलं नव्हतं, तिथल्या दुकानातल्या रॅकचा फोटो बघून आमच्या लक्षात आलं की पाकिटावर ठळक दिसतंय ते अरबीच.

प्रत्यक्ष अर्ज ऑनलाइन आहे आणि तो भाग खरंच चांगला बनवलाय. इथल्या नोंदणीचा नंबर टाकला की बरीच माहिती आपोआप येते. आपल्या रजिस्ट्रीची हँडलिंग फी ५,००० रुपये वेगळी, आणि स्विस फ्रँकमधली फी सरळ वायपोला भरायची, त्यासाठी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा. ६५३ मध्ये ३ वर्ग येतात, देशांचे पैसे वर. काही देशांना ठराविक १०० फ्रँक, पण अमेरिका, ब्रिटन, ईयू यांची आपली स्वतःची वेगळी फी. वायपोच्या साइटवर फी कॅल्क्युलेटर आहे, देश निवडा, वर्ग निवडा, आकडा समोर. हे मला फार आवडलं, कारण आधी एका कन्सल्टंटनी आम्हाला 'वर्ल्डवाइड ट्रेडमार्क'चं एक गोल पॅकेज सांगितलं होतं, त्यात सरकारी फी किती आणि त्याची स्वतःची किती ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. वर्ल्डवाइड ट्रेडमार्क नावाची वस्तूच अस्तित्वात नाही, कोणी विकत असेल तर उठून या. चांगला एजंट दोन्ही आकडे वेगळे लिहून देतो, आमच्यानी दिले.

फुकटची टूल्स तर अर्ज नसेल करायचा तरी वापरा. ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये आपलं नाव टाकून बघा, कुठल्या देशात कोणी आधीच बसलंय का ते दिसतं, लोगोचं चित्र टाकूनही शोधता येतं. आम्ही एक संध्याकाळ सगळे कॉम्प्युटरभोवती बसून स्पेलिंगं बदलून बदलून शोधत होतो, दोन ए, एक ए, व्ही, डब्ल्यू, आणि एका देशात जवळजवळ आपल्यासारखं नाव चहाला घेतलेलं निघालं, मसाल्याला नव्हतं, पण वर्ग तोच ३०, म्हणून तो देश आम्ही या फेरीत घेतलाच नाही. आणि मालाचं वर्णन लिहायला जे गुड्स अँड सर्व्हिसेस मॅनेजर आहे त्यात कुठला शब्द कुठल्या देशाला चालतो ते आधीच कळतं. मेतकूट, भाजणी हे तिथं कोण समजणार, त्यामुळे यादीतले तयार शब्द घेतलेले बरे, आपल्या शब्दांत निबंध लिहिला की खुलासा मागणारं पत्र हमखास.

अर्ज आपल्या रजिस्ट्रीनं तपासून २ महिन्यांत जिनिव्हाला पोचवला तर तुमची तारीख टिकते. तिथं नोंद होऊन वायपोच्या गॅझेटमध्ये छापून येतं आणि मग प्रत्येक देश आपापल्या कायद्यानं तपासतो, त्याला १२ किंवा १८ महिन्यांची मुदत. मुदतीत नकार आला नाही तर संरक्षण मिळालं असं धरतात. हे महत्त्वाचं: जिनिव्हाचं सर्टिफिकेट आलं म्हणजे देशांनी मान्य केलं असं नाही. आमच्याकडे ते आलं तेव्हा घरात पेढे वाटले गेले आणि मी म्हणत होते थांबा, अजून देशांचं यायचंय. कुठल्या देशाचं काय झालं ते मॅड्रिड मॉनिटरवर नंबर टाकून घरबसल्या बघता येतं.

आता कापलेला स्टार. मॅड्रिड स्वस्त आहे ते नकार येईपर्यंतच. अमेरिकेचं पहिलं उत्तर बऱ्याचदा प्रोव्हिजनल रिफ्यूजल (तात्पुरता नकार) म्हणूनच येतं, नाव ऐकून छातीत धस्स होतं पण त्यात बहुतेक वेळा दुरुस्त्या मागितलेल्या असतात, मालाचं वर्णन आणखी नेमकं करा, परभाषेतल्या शब्दाचा अर्थ द्या, 'मसाले' या सर्वसाधारण शब्दावर एकट्याचा हक्क सांगणार नाही असं लिहून द्या. आमचंही तसंच होतं. उत्तर द्यायला ६ महिने मिळतात, पण ऑगस्ट २०१९ पासून बाहेरच्या अर्जदारांना अमेरिकेत लायसन असलेला वकील लावावाच लागतो आणि त्याची फी डॉलरमध्ये, तासावर. बजेट करताना ही रक्कम पहिल्यापासून धरा. शिवाय अमेरिकेत नोंदणी झाली म्हणून १० वर्षं झोपता येत नाही, ५ व्या आणि ६ व्या वर्षाच्या मधे तिथं खरोखर माल विकताय याचं प्रतिज्ञापत्र पुराव्यासकट द्यावं लागतं, नाही दिलं तर नोंदणी जाते. इनव्हॉइस, तिथल्या दुकानातले फोटो, पाकिटं, आम्ही सगळं तारखेवार एका फोल्डरमध्ये ठेवतोय.

एक सावधगिरी. गॅझेटमध्ये नाव-पत्ता छापून आला की अनोळखी पत्रं येतात. आम्हाला आलेलं पत्र जाड कागदावर होतं, वर गोल शिक्का, आमच्या मार्कचं चित्र, आमचा बरोबर नंबर, आणि खाली युरोत रक्कम व बँक खातं, अमुक तारखेच्या आत भरा. अकाउंट्सवाली मुलगी तर व्हाउचर बनवायलाच बसली होती. बारीक अक्षरात होतं की ही एका खासगी यादीत नाव छापण्याची ऑफर आहे. वायपोनं स्वतःच्या साइटवर अशा बनावट पत्रांचे नमुने लावून ठेवलेत, तिथं ताडून बघा. ऑफिसात ज्यांच्या हातात चेकबुक आहे त्यांना हे दाखवून ठेवा.

मॅड्रिड फक्त नावाचं रक्षण करतं. पाककृतीचं नाही. अण्णा म्हणाले होते की मग गोड्या मसाल्याचं पेटंटच घेऊन टाकू. आपल्या पेटंट कायद्यात पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळतच नाही, आणि हळदीचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल, जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेत १९९५ ला एका विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला मिळालं होतं, आपल्या सीएसआयआरनं (सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषद) जुने संदर्भ दाखवून लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हा प्रमाण गुप्त ठेवणं हाच उपाय. ट्रेड सीक्रेटसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, सगळं करारावर. न्यू जर्सीला एकानं तिथंच दळून पॅक करून देतो म्हटलं, स्वस्त पडलं असतं, पण दगडफूल, नागकेशर, तीळ, खोबरं किती आणि कशात किती भाजायचं हे त्याला सांगावं लागलं असतं. आम्ही भाजणं-दळणं इथंच ठेवलंय. आईंच्या वहीतलं ते पान कारखान्यात कोणाकडेच पूर्ण नाही, खडे मसाले एक जण मोजतो आणि तीळ-खोबरं दुसरा.

लेबलच्या चित्राबद्दल एक गोष्ट जी मलाही एजंटांकडूनच कळली आणि फार उपयोगाची आहे. बाहेरच्या कलाकाराकडून डिझाइन करून घेतलं तर त्याचे हक्क लेखी लिहून घ्यायचेच, पण त्यात मुदत आणि देश दोन्ही लिहायचे. कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच दिलं असं धरतात. म्हणजे एक्स्पोर्टच्या पाकिटावरचं चित्र तुमचं नाहीच, असा वाद उभा राहू शकतो. आमच्या शेंदरी लेबलचं चित्र बडोद्याच्याच फाइन आर्ट्सला शिकलेल्या एका ताईंनी काढलंय, त्यांच्याकडून 'सर्व देश, कॉपीराइटची पूर्ण मुदत' असं एका पानावर करून घेतलं, त्यांना त्याचे वेगळे पैसेही दिले, द्यायलाच हवे होते.

कोणी घेऊ नये? एकाच देशात जायचं असेल तर तिथं थेट अर्ज बऱ्याचदा सोपा पडतो, आधी दोन्हीचा हिशोब करा. नेपाळ, बांगलादेश, दक्षिण आफ्रिका हे देश मॅड्रिडमध्ये नाहीत, तिथं विकत असाल तर तिथलाच वकील धरावा लागेल. आणि इथला मार्क वादात असेल तर अजिबात नको. तीन-चार देश, साधं नाव, भारतात पक्कं रजिस्ट्रेशन, असं असेल तर याहून बरं काही मला तरी दिसलेलं नाही. पुढे नूतनीकरण १० वर्षांनी एकाच ठिकाणी, पत्ता बदलला किंवा प्रोप्रायटरशिपची कंपनी केली तरी नोंद एकाच ठिकाणी.

देश नंतरही वाढवता येतात, आणि सध्या आम्ही कॅनडाचं तेच करतोय. कॅनडा जून २०१९ पासून मॅड्रिडमध्ये आहे. आपल्या शेजारच्या आणंदच्या अमूलचं नाव आणि लोगो कॅनडात काही लोकांनी बिनदिक्कत वापरून लिंक्डइनवर पेज चालवलं होतं, अमूलला तिथल्या फेडरल कोर्टात जावं लागलं आणि २०२१ मध्ये निकाल अमूलच्या बाजूनं लागला, नुकसानभरपाई आणि खर्च मिळून ३२,७३३ कॅनेडियन डॉलर. अमूलला वकील परवडतात, आम्हाला कॅनडात कोर्टकचेरी परवडणार नाही, म्हणून टोरांटोच्या दुकानदाराला सँपल द्यायच्या आधीच अर्ज टाकतोय. नंतर देश जोडायची मूळ फी ३०० फ्रँक आणि वर त्या देशाची फी. फक्त त्याची मुदत वेगळी १० वर्षं धरत नाहीत, मूळ नोंदणीबरोबरच संपते आणि सगळ्यांचं नूतनीकरण एकदमच येतं, तेवढं डायरीत लिहून ठेवा.